दोन नळांचा फ्रिज

तिने फ्रिजची डावी बाजू कोरड्या फडक्याने पुसून घेतली आणि स्पिरिटमध्ये कालवलेलं कॉर्नफ्लॉवर पत्र्यावर बोटांनी फासायला सुरुवात केली.

"पातळ लाव गं ताई. भिंत लिंपतेयस का?" धाकटा भाऊ म्हणाला.

भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा आणि हौस म्हणून घरी बियर बनवायचा. त्यानेच तिला समजावलं होतं की फ्रिजच्या पत्र्याआड गरम नळ्या दडलेल्या असतात. फ्रिज चालू ठेवून असं पीठ फासलं, की नळीवरचं आधी वाळून पांढरं पडतं. त्या पांढऱ्या रेघा सोडून भोक पाडायचं. ड्रिल चुकून नळीत घुसलं, तर फ्रिजचं कपाट झालंच म्हणून समजायचं.

दूध, भाज्या, लोणी, सगळं तिने सकाळीच शेजारणीकडे नेऊन ठेवलं होतं. आता फ्रिजमध्ये बियरची दोन छोटी स्टीलची पिंपं उभी होती आणि त्यांचे दोन नळ भावाने दारावर आधीच बसवले होते. बियर नळापर्यंत ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर फ्रिजमागे राहणार होता. त्याची नळी भोकातून आत घेऊन दोन रेग्युलेटर आतल्या भिंतीवर बसवायचे होते.

"एका रेग्युलेटरवर भागलं असतं," भाऊ म्हणाला.

"दोन हवेत. एकीकडे कडक, एकीकडे हलकी. दोन्हींचा दाब वेगळा ठेवावा लागतो, हे तूच म्हणालास ना?"

"पण पिणारा एकटाच ना?"

"उद्या म्हणतील, घरी एकच चव मिळते म्हणून बाहेर जातो. मला ते ऐकायचं नाही."

तिचा नवरा रोज संध्याकाळी कामावरून यायचा, चहा घ्यायचा, आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि बाहेर पडायचा. परत यायचा तो सगळी गल्ली झोपल्यावर. पूर्वी मित्रांबरोबर बारमध्ये जायचा, हे तिला ठाऊकच होतं. रडून झालं, भांडून झालं, अबोला धरून झाला. एकदा तर तिने त्याच्या चपला लपवल्या, तर हा बाबा शेजाऱ्याच्या घालून गेला. मुलगी सासरी गेल्यापासून दिवे लागले की घर तिला खायला उठे. मग एकदा भावाकडे बियरचा नळ पाहिला आणि तिच्या मनाने घेतलं, की हा नळ आपल्या घरात हवा. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय?

"खरं सांगू का?" भाऊ ड्रिलला बिट लावत म्हणाला. "मला हे पटत नाहीये. दारुड्याच्या घरात नळ म्हणजे…"

"दारुडा म्हणायचं नाही!" ती एकदम कडाडली. मग तिचा आवाज खाली आला. "बाहेर पितात, एवढंच. ते घरात प्यायला लागले की मी समोर बसेन. बडबड करू देत, घोरू देत, मला चालेल. पण माणूस दिसेल तरी डोळ्यांना."

पत्र्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. दोन रेघांच्या मधोमध भावाने पेन्सिलने फुली मारली आणि ड्रिल टेकवलं. तिने डोळे मिटून पदराचं टोक दातांत धरलं. पत्रा किंचाळला, मग आतला फोम भुरभुरत बाहेर आला. ड्रिल थांबलं तरी फ्रिजची घरघर चालूच होती.

"वाचलो," भाऊ म्हणाला.

आतल्या भिंतीवर फळी पक्की करून त्याने दोन्ही रेग्युलेटर शेजारी शेजारी बसवले, नळ्या जोडल्या आणि गॅस सोडला. तिने साबणाचा फेस प्रत्येक जोडावर लावला. एका जोडावर बुडबुडे आले, तो त्याने पाना फिरवून आवळला. तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं.

नवरा आत आला आणि उघड्या फ्रिजसमोर थबकला. वाकून त्याने रेग्युलेटरच्या काट्यांवरून बोट फिरवलं.

"दोन का रे?"

"दोन चवी आहेत, भावजी. दोन वेगळे दाब."

"वा! सुबक बसवलंयस."

किती दिवसांनी त्याने घरातल्या एखाद्या वस्तूकडे असं निरखून पाहिलं होतं! तिच्या जिवात जीव आला. तिने ग्लास तिरपा धरून नळ उघडला. निम्मा फेसच आला, पण आला. दोन्ही हातांनी ग्लास धरून तिने तो त्याच्यापुढे केला.

"आजपासून घरीच बसा ना. मी काहीतरी तळते. हवं तर मीही घोटभर घेईन."

त्याने ग्लास घेतला नाही. चेहरा मात्र ओशाळला.

"अगं, मला विचारायचंस तरी. मी सोडली की केव्हाच. वर्ष व्हायला आलं."

"सोडली?"

"तुला वाटलं… मला वाटलं, तुला कळलं असेल. वास येत नाही ते."

तो यायचा तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरूण ओढून पडलेली असायची. वास घ्यायला ती जवळ होतीच कुठे?

तो आंघोळीला गेला. भावाने पाना हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"ताई, मग हे रोज जातात कुठे…"

"त्या जोडाला परत फेस लाव," ती म्हणाली. "गळतोय अजून."

"नाही गळत गं."

"लाव म्हटलं ना!"

बाथरूममधलं पाणी थांबलं. कपाट उघडल्याचा आवाज आला. नवरा फिकट निळा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. केस नीट मागे बसवलेले होते. तिच्याकडे न पाहता तो दाराशी गेला.

ती धावतच आडवी आली. ग्लासातला फेस एव्हाना बसला होता. त्याच्या शर्टाला गच्च धरून तिने ग्लास त्याच्या तोंडाशी नेला.

"प्या ना हो," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते. आज प्या."