हीट पंप आला आणि माझा दिवा विझला

मी गीझर बोलतोय. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, बाळकृष्णरावांच्या न्हाणीघरात भिंतीवर टांगलेला. आधीच सांगून टाकतो, मला त्या हीट पंपाचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, पोटभर.

माझा जन्म कोइमतूरच्या कारखान्यातला. बाळकृष्णरावांच्या पत्नी चंद्रमतीबाईंनी मला दुकानात पसंत केलं. "बुटका आहे, पण भरवशाचा दिसतो," असं त्या म्हणाल्या होत्या. शुक्रवारी डोक्यावर तिळाचं तेल थापून, केस धुवायच्या सीयक्कायची वाटी घेऊन त्या आत आल्या की त्यांची पहिली नजर माझ्या लाल दिव्यावर जायची. काय मिजास होती माझी!

मग बोअरच्या पाण्याचा क्षार माझ्या पोटात साचला. पाणी उशिरा तापू लागलं, विजेचं बिल मात्र वेळेवर वाढू लागलं. सून श्रीविद्या बँकेत काम करते, तिला हिशेब कळतो. वीजबचतीचे किती तारे, केवढी टाकी, आवाज किती, सगळं पारखून तिनं हीट पंप निवडला.

"मामंजी, हा हवेतली ऊब घेऊन पाण्याला देतो. तेवढ्याच विजेत तिप्पट पाणी तापतं."

म्हणजे फुकट्याच की! मी स्वतः तापून मरायचं आणि यानं हवेकडून उसनं घेऊन दानशूर व्हायचं. आयुधपूजेला घरातल्या यंत्रांना लागतं ते गंध-कुंकू त्यालाच लागलं. माझ्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला.

पण बाळकृष्णरावांनी एक घोळ घातला. "पाणी तापवतो म्हणजे अग्नी. अग्नीची जागा आग्नेयेला." आग्नेयेला कोठीघर, त्याला खिडकी नाही.

"त्याला मोकळी हवा लागते, मामंजी."

"या घरात अग्नी कधी कोपरा सोडून ठेवला नाही, श्रीविद्या मा."

श्रीविद्येनं पंप बसवणाऱ्याला कोठीघर दाखवलं. मी मनात म्हटलं, बसव बाबा, तिथंच बसव.

शुक्रवारी चंद्रमतीबाई तेल लावून आल्या आणि नळ सोडला. "अय्यय्यो श्रीविद्ये! पाणी गार आहे की ग!"

माझा नळ अजून काढला नव्हता. श्रीविद्येनं धावत येऊन माझं बटण दाबलं. मी जीव खाऊन तापलो. केस धुता धुता त्या म्हणाल्या, "जुना तो जुनाच." देवा शपथ, मला तेवढंच हवं होतं.

न्हाऊन त्या तळायचे अप्पळम पापड आणायला कोठीघरात गेल्या आणि ओरडल्या, "अहो, इथं मार्गळी महिन्याची थंडी पडलीय! अप्पळम भिजून गेलेत!"

श्रीविद्येनं सांगितलं, बंद खोलीतली ऊब यानं संपवली, आता घेणार कुठून? बाळकृष्णरावांनी पंपाच्या तोंडाशी हात धरला. गारेगार वारा येत होता. आता म्हातारा हट्टाला पेटेल आणि याला परत पाठवील, अशी मला आशा होती. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग हा अग्नी नव्हेच. हा वायू. वायूची जागा वायव्येला."

मेलो! वायव्येला मागची पडवी, चहूकडून मोकळी, स्वयंपाकघराला लागून. तिथं तो गेला आणि भरभरून कढत पाणी देऊ लागला. वर त्याचा गार वारा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत. परवा सांबार उकळताना चंद्रमतीबाई घामाघूम होऊन त्या खिडकीशी गेल्या, पदर सैल केला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. किती वेळ! मी त्यांना पाणी दिलं, पण असा गारवा मला कधी देता आला असता? माझ्यासमोर त्यांनी असे डोळे कधीच मिटले नाहीत.

उद्या भंगारवाला येतोय. माझी तक्रार नाही, माझं वय झालंय. फक्त एक ऐका. या घरातलं भंगार मागच्या पडवीतून जातं, आणि तिथं तो बसलाय. मला तेवढं पुढच्या दारानं न्या.