रेंज नसतानाही उघडणारं पान

शहरातल्या पुंडलिकनगरात वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात नळाला आठवड्यानं पाणी यायचं, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं; वेबसाइट मात्र क्षणभर अडली की सगळ्यांचा जीव वरखाली. दुष्काळाचं वर्ष होतं. कोणत्या चारा छावणीत जनावरांना जागा आहे हे सांगणारी वेबसाइट एका संस्थेनं करून घेतली होती आणि नेमकी खेड्यातल्या मोबाइलवर ती उघडतच नव्हती. बिडकीनच्या पुढं रेंज म्हणजे देवाची मर्जी.

ती दुरुस्त करायचं काम ज्ञानेश्वरीकडं होतं, आणि उपाय दोन होते. एक, पानावरची सगळी सजावट काढून ते हलकं करायचं. ते दरवेळी ताजी माहिती आणणार, पण रेंज नसेल तर कोरं राहणार. दुसरा, पान मोबाइलमध्येच साठवायचं. ते कुठंही झटकन उघडणार, मात्र रेंज नसेल तिथं आधीचीच माहिती दाखवणार. सोबत काम करणारा राजकुमार म्हणाला, शिळ्या माहितीपेक्षा कोरं पान बरं. ज्ञानेश्वरीनं त्याला उडवून लावलं. तिचा बाप खंडेराव मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडत होता, आणि फोनवर त्याचं एकच गाऱ्हाणं, तुझं ते नुसतं गोल गोल फिरतंय. बापासाठी तिनं साठवलेलं पान निवडलं. माहिती कधीची आहे ही ओळ वर टाकायची राहून गेली. नंतर टाकू, म्हणाली. असल्या कामांचं नंतर कधी येतं का?

पान उघडू लागलं. खंडेराव ते भेटेल त्याला कौतुकानं दाखवायचा.

वैशाखात बिडकीनच्या बाजारात त्यानं पान पाहिलं, माळापलीकडच्या छावणीत जागा होती. तो कळप घेऊन निघाला. मागून टँकर बंद झाले, छावणी उठली, आणि वेबसाइटवर तसं लगेच चढलंही. पण माळावर रेंज नव्हती. वाटेत सखाराम मेंढपाळ रिकाम्या हातानं परतताना भेटला. त्यानं छावणी उठल्याचं सांगितलं, माझ्यासंगं माघारी चल म्हणाला. खंडेरावानं मोबाइल काढून त्याच्यापुढं धरला आणि मेंढरं पुढं हाकली.

सखारामनं तिसऱ्या दिवशी बिडकीनला पोचल्यावर ज्ञानेश्वरीला फोन केला. राजकुमारच्या मोटारसायकलवरून ती छावणीवर गेली तेव्हा उखडलेल्या खुंट्यांमध्ये निम्मा कळप मरून पडला होता. उरलेली मेंढरं कोरड्या हौदाला तोंड लावून उभी होती. बाप शिव्या देईल अशी तिला आशा होती. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं.

"सखाराम सांगत व्हता, छावणी उठली म्हणून," खंडेराव म्हणाला. "म्या म्हनलं, माझी पोर खोटं लिहिनार नाय."

त्याच्या मांडीवरचा मोबाइल तिनं उचलला. तिथंही रेंज नव्हती. पान झटकन उघडलं. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, जागा आहे.