खळ्यावरचे चौदा दिवस

समुद्रकाठच्या नवापूर गावची रखमा सतरा वर्षं कुंभवलीच्या नाक्यावर मासळी विकायला बसत होती. पाळी सुटली की कारखान्यांतल्या बाया तिच्या पाटीभोवती जमत. त्यांच्यात प्रियंका होती; विक्रमगडच्या पलीकडच्या पाड्यावरून आलेली, औषधाच्या कारखान्यात खोकी भरणारी, वीसेक वर्षांची. ती सगळ्यांत शेवटी यायची आणि उरलेली मांदेली घ्यायची. रखमा वर एखादा बोंबील टाकायची.

मग टाळेबंदी आली. कारखाने बंद, नाका ओस. रखमाचा नवरा नरहरी जवळच्याच पाण्यात जाळं टाकून यायचा, पण ना बर्फ होता ना गिऱ्हाईक. मिळालेला जवळा गावाबाहेर, मासळी वाळवायच्या खळ्यावर सुकत पडायचा.

एप्रिलात प्रियंकाचा फोन आला. "मावशी, मी खोलीवर एकटीच हाय. बाकीच्या टेम्पोनं गावाला गेल्या. मला ताप होता म्हणून नेलं नाय."

"आता कसा हाय ताप?"

"आठ दिवस झाले, उतरलाय. पण मालकीण खोली सोड म्हणते. तांदूळ उद्यापुरतेच हायत."

तिला घरी आणते, असं रखमानं नरहरीला सांगितलं. त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं. "गाव तिला आत घेणार नाय. आपल्यालाच बाहेर काढतील."

"मग मी बाहेर राहीन."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती शेतांच्या बांधांवरून कुंभवलीला गेली आणि प्रियंकाला घेऊन आली. गावाच्या तोंडाशी बांबू आडवा बांधला होता. तिथं गावकमिटीचा भाग्येश उभा होता.

"काकू, तू ये. ती नको. घराघरात म्हातारी माणसं हायत आपल्या."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रखमाला त्याचा रागही आला नाही. "मी हात धरून आणलंय तिला. आता तिला जे, ते मला. आमी खळ्यावरच्या झोपडीत राहतो."

भाग्येशनं मान डोलावली. "चौदा दिवस. गावात पाय टाकायचा नाय."

झोपडीत जुनी जाळी होती आणि दोघींना आडवं व्हायला जेमतेम जागा. नरहरी सकाळी तांदूळ आणि पाण्याची कळशी लांब ठेवून जायचा. तीन वर्षं इतक्या जवळ राहून प्रियंकानं समुद्र पाहिलाच नव्हता. रविवारी कपडे धुवायचे, नाहीतर जादा पाळी करायची. पहिला अख्खा दिवस ती झोपडीच्या दारातून नुसती बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं झाडू उचलला. जवळा पसरायचा, उलटायचा, सांजेला गोळा करायचा, हे ती लवकर शिकली.

सहाव्या दिवशी रखमाला खोकला आला. प्रियंकाचं तोंड उतरलं. "माझ्यामुळं झालं, मावशी."

"जवळ्याची धूळ गेली घशात," रखमा म्हणाली. पण मनातून तीही घाबरली होती. दोन दिवस ती अंग पुन्हा पुन्हा चाचपून बघत होती. ताप आला नाही. खोकला आपोआप थांबला, तेव्हा दोघी उगाचच हसत सुटल्या.

एकदा जवळा उलटता उलटता प्रियंका म्हणाली, "आमच्याकडं आता सुकी मासळी येतच नाय. बाजार बंद. पावसात नुसता भात आणि मीठ."

"मग तू ने की जाताना."

पंधराव्या दिवशी भाग्येशनं स्वतः बांबू बाजूला केला. पुढे महिनाभर प्रियंका रखमाच्या घरी राहिली. मग विक्रमगडकडं जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोत जागा मिळाली, तेव्हा ती जवळ्याच्या दोन गोणी घेऊन गेली.

जूनमध्ये कारखाना उघडला. ठेकेदारानं निम्म्याच बाया बोलावल्या. त्यात प्रियंका नव्हती. फोनवर ती थोडी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "पाड्यावर जवळा पुरला नाय, मावशी. पैसे कोणाकडंच नव्हते, लोकांनी नागली दिली. पाठवू तुला?"

भाजीच्या टेम्पोतून ती नाचणी आली, तेव्हा नवापुरातही अनेकांच्या घरात धान्य सरत आलं होतं. रखमानं ती शेजारीपाजारी वाटली. परतीच्या टेम्पोत चार घरांचा जवळा गेला.

आता प्रियंका विक्रमगडच्या आठवडी बाजारात सुकी मासळी विकते. कारखान्यानं दोन वर्षांनी तिला परत बोलावलं होतं. तिनं नाही म्हणून सांगितलं. पावसाआधी ती माल न्यायला येते, तेव्हा तिची आई नवसीही सोबत असते. दोन दिवस रखमाच्या चुलीचा ताबा नवसीकडं असतो आणि नरहरी गरम भाकरीसाठी होडीवरून लवकर घरी येतो.