शापाचा दगड आणि शेजारचा घोडेस्वार

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. मोशीच्या पुढे, चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मी कित्येक पिढ्या उभा होतो. कंपन्यांच्या बसगाड्या रोज समोरून जात. त्यातले कोणी माझ्याकडे पाहत नसे. पाहत ते माझ्या शेजाऱ्याकडे. त्याच्याविषयी बोलायचे नाही असे मी रोज ठरवतो आणि रोज बोलतो.

पाथरवटाने माझ्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र कोरले, मध्ये अक्षरे आणि खाली एक गाढव. सूर्य-चंद्र म्हणजे ते आकाशात आहेत तोवर दिलेला शब्द टिकेल. अक्षरांत राजाने दिलेल्या जमिनीच्या दानाची हकिकत आहे. आणि गाढव म्हणजे ते दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी. जुन्या भाषेत शिवीला गाळ म्हणत, म्हणून माझ्यासारख्या दगडाला गधेगाळ म्हणतात. ती शिवी नेमकी काय, ते मुलांसमोर सांगण्याजोगे नाही. मोठ्यांचेही कान लाल होत.

माझे काम एकच होते : घाबरवणे. ते मी चोख केले.

शेजारी उभा होता तो वीरगळ. लढाईत पडलेल्या कुणा वीराची ती आठवण. त्याच्यावर घोडा आणि स्वार कोरलेले. लोकांनी त्याला शेंदूर लावला आणि घोडेबाबा केले. नवी जोडपी त्याच्या पाया पडत. पोळ्याला बैल त्याच्यासमोर येत. माझ्याजवळून जाताना मात्र नवरी पदर आवरून घेई. मी विचार करी, घोडा आणि गाढव यांत दगडावर फरक तो काय? कानांचा. पाथरवटाने माझ्या गाढवाचे कान जरा आखूड ठेवले असते, तर आज मीही देव असतो.

माझ्याजवळ अभिमानाची एकच गोष्ट होती. ज्या राजाने मला उभारले त्याचे राज्य पुढे बुडाले. का बुडाले, हे मी पाहिलेले नाही. मी जागचा हललो नाही. पण लोक म्हणत, वारसाने दान मोडले, गाढवाचा शाप लागला, राज्य गेले. घोडेबाबा फार तर ताप उतरवी. मी राज्य बुडवले होते! हे ऐकले की माझे सारे उणे भरून निघे.

ही गोष्ट सर्वांत रंगवून सांगत ते गेनूबाबा. माझ्यामागेच त्यांचे शेत. बरेचसे विकले गेले, ओढ्यापर्यंतचा एक तुकडा उरला आहे. शाप नेमका कोणत्या जमिनीला, याचा त्यांचा सिद्धान्त पक्का होता : गाढवाचे तोंड जिकडे, तिकडची जमीन शापाची. माझे गाढव पश्चिमेला पाहते. त्या बाजूला एक कंपनी उभी राहिली आणि काही वर्षांनी बंद पडली. गेनूबाबांनी चहाच्या टपरीवर जाहीर केले, "राजाला सोडलं न्हाई, कंपनीला सोडंल व्हय?"

त्या कंपनीत त्यांचाच मुलगा सुरज कामाला होता. तोही घरी बसला. पण गेनूबाबांच्या बोलण्यात दुःखापेक्षा खरे ठरल्याचे समाधान जास्त असे. मला तर ते सणासारखे वाटे. राज्यानंतर कंपनी!

मग रस्ता रुंद करायचे ठरले. नव्या सोसायट्यांतल्या लोकांनी घोडेबाबासाठी वर्गणीतून देऊळ बांधले. फरशी, घुमट आणि लुकलुकणारी दिव्यांची माळ. त्याला हायड्रा क्रेनने उचलून वाजतगाजत नेले. माझ्याविषयी विचारले तेव्हा एक जण हसून म्हणाला, "देवळात गाढव कोण ठेवणार, राव?" मला कोणी नेणार नसेल तर फोडून भरावात टाका, असे ठेकेदाराने सांगितले.

क्रेनवाला सयाजी पट्टा घेऊन माझ्याकडे आला. गेनूबाबा बांधावरून ओरडले, "हात लावायच्या आधी घरच्यांचा इचार कर! त्या धोंड्यानं राज्य बुडवलंय."

सयाजीने पट्टा गुंडाळला. "आपल्याला नको भाऊ हे झंझट. घरी दोन लेकरं हायेत." तो निघून गेला. काम माझ्यापाशी येऊन थांबले. मी उभा राहिलो तो भीतीच्या बळावर. घोडेबाबाला लोकांनी प्रेमाने नेले, हे मला दिसत होते. पण भीतीही काही कमी नाही, असे मी स्वतःला समजावत होतो.

अशात एके सकाळी संत तुकाराम नगरच्या शाळेतल्या मृदुलाबाई आपल्या वर्गाला घेऊन आल्या. त्या इतिहास शिकवतात. माझ्यावरची अक्षरे त्यांनी जाणकाराकडून आधीच वाचून घेतली होती. मुलांनी मला पाण्याने धुतले. इतक्या वर्षांत मला कोणीतरी प्रथमच अंघोळ घातली. पण नंतर बाई बोलू लागल्या आणि माझा आनंद आटला.

"मोठं राज्य पडलं की लोक कारण शोधतात," त्या म्हणाल्या. "बॅबिलोन जिंकलं गेलं, तेव्हा सांगितलं गेलं की राजाने पूजा बिघडवली म्हणून मर्दुक देव रागावला आणि त्याने परक्या राजाला बोलावलं. रोम लुटलं गेलं, तेव्हा काही जण म्हणाले, जुने देव सोडले त्याची ही शिक्षा. चीनमध्ये घराणं पडलं की म्हणत, स्वर्गाने आपली आज्ञा काढून घेतली."

मला या सगळ्यांचा हेवा वाटला. तिकडे प्रत्यक्ष देव आणि स्वर्ग, इकडे गाढव. तरी एका रांगेत बसवले म्हणून मी सुखावलो होतो. तोच बाई म्हणाल्या, "पण फौजा, दुष्काळ, डोईजड कर, घरातली भांडणं यांचाही हिशेब पाहावा लागतो. शापाने राज्य पडलं याला पुरावा नाही."

गेनूबाबा पुढे झाले. "बाई, पुरावा समोर हाय. ती बघा बंद कंपनी. गाढवाचं तोंड तिकडंच हाय."

"बाबा, दगडावर दिशा लिहिली आहे," बाई म्हणाल्या. "दगडापासून पूर्वेला, ओढ्यापर्यंत. ही जमीन देवळातल्या दिव्याच्या तेलासाठी दिली."

सगळ्यांनी पूर्वेकडे पाहिले. पूर्वेला गेनूबाबांचे शेत होते. शेताच्या टोकाला ओढा.

सुरजला हसू आवरेना. "आबा, गाढव आपल्याच घरचं निघालं!"

गेनूबाबा हसले नाहीत. ते मटकन बांधावर बसले. ते सुरजला म्हणाले, "म्हंजी दानाची जमीन मी खाल्ली, म्हून तुझी नोकरी गेली?"

मित्रांनो, माझ्या शापाची ताकद मी आयुष्यभर मिरवली. ती एका म्हाताऱ्या बापाच्या चेहऱ्यावर उमटलेली मी तेव्हा जवळून पाहिली. ते दृश्य मिरवण्यासारखे नव्हते.

सुरज त्यांच्याशेजारी बसला. "आबा, आमची ऑर्डर दुसऱ्या कंपनीला गेली. मशीन जुनी, माल रिजेक्ट व्हायचा. आम्ही सहा महिने आधीच ओळखलं होतं. ह्यात गाढवाचा काय संबंध?"

"मग तवा बोलला का न्हाईस?"

"तुम्ही कुठं ऐकत होता? टपरीवर तुमचं भाषण चालू होतं."

मुले हसली. मग सुरज बाईंकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, एक विनंती. शाप खोटा हे इथं जोरात बोलू नका. सयाजी भितो म्हणून हा दगड उभा आहे. भीती गेली की उद्या भराव होईल याचा."

बाईंनी मुलांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मुलांना खोटे सांगायचे की दगड घालवायचा, हा पेच त्यांना सुटेना. मी मनातल्या मनात ओरडत होतो, खोटे सांगा! बिनधास्त सांगा!

एवढ्यात गेनूबाबांच्या पत्नी सरुबाई मुलांसाठी पाण्याची कळशी घेऊन आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

"अवो, शिवी तेवढी समद्यांनी ध्यानात ठिवली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जमीन कशापायी दिली व्हती? दिव्यापायी. दिवा कुणी लावला का? आन् धोंडा वाचवायला भ्या कशाला पायजे? आपल्या बांधावर जागा न्हाई का?"

गेनूबाबांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग त्यांनी सुरजला सयाजीला बोलवायला सांगितले.

सयाजी आला, पण क्रेनमधून उतरेना. "बाबा, तुम्हीच तर शाप म्हणत होता!"

"शाप असंल तर माझ्या शेताला हाय, तुला न्हाई," गेनूबाबा म्हणाले. "तू उचल. कान सांभाळ त्याचे."

असा मी रस्त्यावरून ओढ्याच्या वाटेवर, शेताच्या कोपऱ्यात आलो. आता माझे गाढव पूर्वेला पाहते. सयाजीने मला बसवताना फिरवले. सुरजला मोशीत दुसरे काम मिळाले, ते त्याने शोधले म्हणून मिळाले. माझा त्यात हात नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

तिन्हीसांजेला सरुबाई माझ्यापुढे पणती लावतात. ती माझ्यासाठी नाही, जुन्या शब्दासाठी आहे, हे मला ठाऊक आहे. वारा आला की ती विझते. पलीकडे घोडेबाबाची माळ मात्र रात्रभर लुकलुकते. मला ते दिसते. अजूनही सलते.

मित्रांनो, तुमच्या गावाच्या कडेला असा दगड असेल, तर त्याला भिऊ नका आणि फोडूही नका. त्याला धुवा, वाचा, कुणाला तरी वाचून दाखवा. एखाद्याचे काही बुडाले तर दगडाकडे बोट दाखवण्याआधी त्याच्याशेजारी जाऊन बसा, जसा सुरज बसला.

आणि इकडे आलात तर आधी माझ्याकडे या. घोडेस्वाराकडे नंतर गेलात तरी चालेल.