हे सहज दिसतं

तिनं मांडीवरचा लॅपटॉप जरा जोरातच मिटला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले. पडद्यावर तिची आकृती होती. रंग बदलले होते, बाण जाड केले होते, पण आकृती तिचीच. कोपऱ्यात तिच्या हातून चुकून तिरका गेलेला बाणसुद्धा तसाच तिरका.

व्यासपीठावरचा तरुण छान बोलत होता. परिषदेतल्या सर्वोत्तम लेखाचा पुरस्कार त्याला सकाळीच मिळाला होता आणि तो त्याला शोभतही होता.

"बघ कसा मांडतोय," शेजारी बसलेले सर कुजबुजले. "शिक जरा."



सारांश

लेखाचा विषय एका वाक्यात सांगता येतो. वर्तुळात काही यंत्रं बसवली आहेत, सगळी सारखी, एकालाही नाव नाही. त्यांनी शेजाऱ्यांना निरोप देत, मतं टाकत, आपल्यातूनच एक प्रमुख निवडायचा.

घडलं त्याला एक वाक्य पुरत नाही. परिषदेकडे आलेले लेख निवड समितीतले लोक तपासतात, आपलं नाव गुप्त ठेवून. त्यांना वेळ नसतो, म्हणून ते लेख आपल्या विद्यार्थ्यांकडे सरकवतात. विद्यार्थ्याचं नाव गुप्तसुद्धा ठेवावं लागत नाही, कारण ते कुणी विचारतच नाही. सर समितीवर होते. "जरा नजर टाक," म्हणून त्यांनी हा लेख तिच्याकडे दिला. तिनं आख्खी सुट्टी त्यात घातली. सिद्धतेला मधोमध भगदाड होतं. लेख नाकारा, एवढं लिहून तिला मोकळं होता आलं असतं. ती खुळ्यासारखी भगदाड बुजवत बसली, आणि ती दुरुस्ती आकृतीसकट तपासणी-अहवालाच्या रकान्यांत लिहून दिली. सरांमार्फत तो अहवाल बिननावाचा लेखकांकडे गेला.

"फुकट राबतेस," भाऊ तेव्हा म्हणाला होता. "उद्या त्यांची भांडी पण घासशील."

"मला कुठं नाव हवंय?" ती म्हणाली होती. तेव्हा ते खरंही होतं.

जमेच्या बाजू

तरुण आभारांवर आला.

"अहवाल कुणी लिहिला ते आम्हाला कळायला नको होतं," तो हसत म्हणाला, "पण परवा जेवताना सरांच्या तोंडून निसटलं. ही मधली कल्पना त्यांची. सर, उभे राहा ना."

निसटलं.

सर अर्धवट उठले, छातीवर हात ठेवला, नको-नको अशी मान हलवली आणि टाळ्या संपेपर्यंत तसेच राहिले. ती त्यांच्या कोटाच्या बटणांकडे बघत राहिली. टाळ्या तिनं वाजवल्या नाहीत.

"सर," ते बसल्यावर ती हळूच म्हणाली, "ते मी लिहिलं होतं."

"अगं, मला माहीत नाही का? असंच चालतं हे. माझ्या गाइडसाठी मी असे ढीग उपसलेत." त्यांनी तिच्याकडे न बघता चष्मा पुसला. "तुझं शिफारसपत्र आज पाठवतोय. कायम नोकरी लागली की या सगळ्यावर हसशील."

कॉलेजात शिकवायला ती दर सत्राला नव्यानं नेमली जात होती आणि दर सत्राच्या शेवटी तिला घरी बसवलं जात होतं. त्या पत्रावाचून पुढचं दार उघडणार नव्हतं. 

लेखकांना प्रश्न

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. त्यांच्या प्रमेयांवर सभागृहातल्या निम्म्या लोकांचं पोट चालत होतं.

"यंत्रांची संख्या विषम असली तर पटलं," बाई म्हणाल्या. "मतं निम्मी-निम्मी पडूच शकत नाहीत. सम असली तर? समोरासमोरची यंत्रं एकमेकांची नक्कल करत बसतील. दर फेरीला बरोबरी. निवड संपायची कधी?"

तरुणानं कागद चाळले. "ते... अहवालात असं होतं की, सम संख्येच्या बाबतीत हे सहज दिसतं. आम्ही तसंच ठेवलं."

"दिसतं कुणाला?"

सभागृह हसलं. तरुण हसला नाही. त्यानं सरांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

सर उठले, या वेळी पूर्ण. "खरं सांगायचं तर तो अहवाल माझ्या या विद्यार्थिनीचा आहे. श्रेय तिचंच. पोरगी हुशार आहे, फक्त जरा घाई करते." मग खाली वाकून, तिच्यापुरतंच, "जा, सांभाळून घे. पत्राचं लक्षात आहे ना?"

सकाळपासून जे ऐकायला ती आसुसली होती ते असं आलं. तिची कानशिलं तापली. सम संख्येबद्दल तिनं अर्धं पान लिहिलं होतं: ही बाब का अडते, कुठं अडते, आणि ती मला सुटलेली नाही. "फार लांबण लावलीस, थोडं छाटलं," असं सर मागाहून म्हणाले होते. काय छाटलं ते तिनं विचारलं नव्हतं.

फक्त समितीसाठी

फळ्यापर्यंत ती चालत गेली तेव्हा तरुणानं बाजूला होऊन पेन तिच्या हातात दिलं. त्याचा चेहरा उतरला होता. तिला त्याची कीव आली, थोडीशीच.

तिनं वर्तुळ काढलं, त्यावर सहा ठिपके दिले, समोरासमोरचे ठिपके जोडले.

"विषम संख्येची सिद्धता माझी आहे," ती म्हणाली. आवाज वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "तिच्याबद्दल काय हवं ते विचारा. सम संख्येचं मला जमलेलं नाही. बाईंनी सांगितलं तिथंच ते अडतं. मी तसं लिहिलं होतं."

"मग 'सहज दिसतं' हे कुणी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

तिसऱ्या रांगेत सर किंचित मान हलवत होते. नको, अशी. या वेळी खरीखुरी.

तिनं पेन त्यांच्या दिशेनं धरलं.

"सर सांगतील."

कुणी खोकलं. पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या सत्राध्यक्षांनी घाईघाईनं वेळ संपल्याची पाटी वर केली. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी, सरांवरची नजर न हलवता, ती पाटी हातानंच खाली दाबली.