मातीचा गोळा

सुनेने मूठभर माती उचलली, घट्ट दाबून तिचा गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडून दिला. गोळा पडला, पण फुटला नाही.

"आज नाही, बाबा," हात झटकत ती म्हणाली. "अजून ओल आहे."

खुर्चीतून सासऱ्यांनी काठी आपटली. जन्मभर सुतारकाम केलेल्या या माणसाला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. पण त्यांचं खरं नाव झालं होतं ते परसातल्या भाजीमुळे. थंडी सरली की शेजारीपाजारी बिया काढून ठेवत आणि मिस्त्रींच्या शब्दाची वाट बघत. मिस्त्रींची कुदळ पडली की मग गल्लीची. तीस वर्षांत हा नियम कोणी मोडला नव्हता. यंदा मात्र मिस्त्रींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कुदळ सुनेच्या हातात गेली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे बाशिंगाच्या जागी पट्टा होता, उतावळेपण तेच.

"अवकाळी पाऊस थांबल्यापासून आठवडाभर ऊन पडतंय. कसली ओल घेऊन बसलीस?"

"वरून वाळलीय. आतून नाही."

"सुट्टी तुला आजचीच. उद्यापासून दवाखाना, पेशंट आणि इंजेक्शनं. मग कधी खणणार?"

"बघू की. ओल्या मातीत कुदळ घातली तर वर्षभर ढेकळं फोडत बसाल, असं कोण म्हणालं होतं?"

म्हणाले होते ते मिस्त्री स्वतःच, आणि तेही तिला चांगलं दरडावून.

"मी सांगतोय ना, खण. माझ्या जबाबदारीवर."

"जबाबदारी तुमची, पण गाजरं वाकडी आली की नाव माझं," ती हसून म्हणाली. कुदळ भिंतीला टेकवून ती बी निवडायला आत निघून गेली.

मिस्त्रींचा पारा चढला. या परसात त्यांना आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. आता गल्ली म्हणणार, मिस्त्री संपले. काठी टेकत, गुडघ्याला शिव्या घालत ते वाफ्यापाशी गेले आणि कसेबसे वाकले. त्यांनी माती दाबली, सोडली. गोळा जसाच्या तसा. काठीने ढोसल्यावर त्याचे दोन तुकडे झाले. आतली माती काळीभोर, ओलीगच्च होती.

काठीच्या टोकाला चिकटलेली माती त्यांनी बोटाने पुसली. हात तिचेही शिवशिवत असणार. आठवड्याची एकुलती एक सुट्टी वाया चालली होती, शिवाय डोक्यावर सासरा बसलेला. तरी पोर हटली नाही. त्यांच्या मुलाला तर इतकी वर्षं शिकवूनही गवत आणि पालक यातला फरक कळत नव्हता. मिस्त्रींना एकदम भरून आलं. मघाचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही.

"काय मिस्त्री, मुहूर्त कधीचा?" कुंपणापलीकडून शेजारचे रिटायर्ड पोस्टमन विचारत होते. खांद्यावर कुदळ तयारच होती. "सगळे खोळंबलेत."

दरवर्षी या प्रश्नाला मिस्त्री उभ्या उभ्या उत्तर देत.

"थांबा," ते म्हणाले, "विचारून सांगतो."

"विचारून? तुम्ही? कोणाला?"

मिस्त्रींनी पाठ ताठ केली आणि पलीकडच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "अगं पोरी, लोक विचारतायत! कधी खणायचं?"

"बुधवारी सकाळी बघते, कामावर जायच्या आधी!" आतून आवाज आला. "गोळा फुटला तर!"

"ऐकलंत? फुटला तर," मिस्त्री म्हणाले. "नाही फुटला, तर नाही. गल्लीत सांगून टाका."

पोस्टमननी एकदा घराच्या दाराकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खांद्यावरची कुदळ उतरवून कुंपणाला टेकवली.