धुरावर धरलेलं पान

वैद्यांच्या त्या विद्यालयात नवं बोलायची सोय नव्हती. कुणी तोंड उघडलंच तर थोरले विचारायचे, "हे आद्यगुरूंनी सांगितलंय का? नाही ना? मग तू कोण टिकोजीराव लागून गेलास?"

म्हणून म्हाताऱ्या वैद्याने तरुणपणी एक युक्ती केली होती. पाऱ्याच्या भस्माने हट्टी ताप उतरतो, हे त्याला दिसलं होतं. ते आपलं म्हणून सांगायच्या ऐवजी त्याने ते जुन्या भाषेत, श्लोकांत बांधलं, कागद चुलीच्या धुरावर धरून पिवळा केला आणि ग्रंथांच्या पेटीत आद्यगुरूंच्या पानांत सरकवला. पुढे पान "सापडलं". जे थोरले त्याच्यावर हसले असते, ते त्या पानापुढे हात जोडून उभे राहिले. पोरं ते पाठ करू लागली. पानाचा अर्थ उलगडणाऱ्या टीका लिहिल्या गेल्या. सगळ्यांत गाजली ती त्याचीच.

मग बरे झालेले रोगी, कुणी वर्षांनी तर कुणी चार दिवसांतच, परत येऊ लागले. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे, हात थरथरणारे. विद्यालयाचं उत्तर तयार होतं : पथ्य मोडलं असणार. आद्यगुरू कसे चुकतील?

आता त्याची एकुलती लेक तापाने फणफणत होती आणि जावई, त्याचाच सगळ्यांत हुशार शिष्य, खलात भस्म घोटत बसला होता.

"जावईबापू, थांबा. ते देऊ नका."

"मामा, काळजी करू नका. पानात लिहिलंय तसंच देतोय."

"ते पान मी लिहिलंय."

जावई हसला. सासऱ्याचा चेहरा पाहून हसू आवरलं. "जागरणाने शिणलात तुम्ही."

"खोटं वाटतं? ऐका." म्हाताऱ्याने श्लोक म्हणायला सुरुवात केली. जावई सुरात सूर मिसळून पुढचा म्हणू लागला. पलीकडे पाणी तापवणारा शिष्यही गुणगुणला. म्हातारा मध्येच थांबला. जे सगळ्यांनाच पाठ, त्याने काय सिद्ध होणार?

"कागद मी धुरावर धरला होता हो!"

"जुने कागद धुरकटतातच, मामा." जावयाचा आवाज मऊ झाला. "आणि तुमच्याच टीकेत आहे ना, या औषधावर संशय घेणाऱ्याला रोग्याजवळ बसू देऊ नये? मी ते तुमच्याकडूनच शिकलो."

ते वाक्य म्हाताऱ्याने थोरल्यांची तोंडं बंद करायला लिहिलं होतं.

त्याने खलावर झडप घातली. शिष्याने मागून धरलं. हलक्या हाताने, गुरूला धरावं तसं. आतून लेकीचा क्षीण आवाज आला, "बाबा, नका ना असं करू. गुरूंचं औषध आहे. घेते मी."

तिने घेतलं. त्याला ओसरीवर बसवलं आणि दाराला आतून कडी लागली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. विद्यालयातले लोक येऊन म्हाताऱ्याच्या पाया पडून गेले. लेक उशीला टेकून बसली होती.

"बघा, झाले की नाही बरी?" ती हसली.

हिरड्यांच्या कडेला रक्त होतं. त्याने जावयाकडे पाहिलं. जावयानेही ते पाहिलं होतं.

"काय गं," तो बायकोला दरडावून म्हणाला, "पथ्य मोडलंस ना?"

आणि त्याने भस्माची पुढची पुडी सोडली.